मासेखाऊंसाठी सिंगापूरची हॉकर सेंटरं : मासळी ओळखीची, रस्सा अनोळखी

चिपळूण, रत्नागिरी, सावंतवाडीकडून सिंगापूरला जाणाऱ्या सहलींच्या पत्रकात ‘रोज भारतीय जेवण’ ही ओळ बहुतेक वेळा ठळक अक्षरात असते. ते जेवण म्हणजे एखाद्या वातानुकूलित हॉटेलातला बुफे: जिरा राईस, पनीर, पिवळी डाळ, कोमट गुलाबजाम. आठवड्यातले चार दिवस बांगडा नाहीतर सौंदाळे खाणाऱ्या माणसाने समुद्र ओलांडून जायचं आणि पनीर खाऊन यायचं, याला काय म्हणावं! शक्य असेल तर रात्रीची जेवणं वगळून सहलीचे पैसे भरा आणि ते जेवण हॉकर सेंटरमध्ये घ्या.

हॉकर सेंटर म्हणजे एका मोठ्या छपराखाली पन्नास-शंभर गाळे, मधे एकमेकांना चिकटून मांडलेली टेबलं आणि डोक्यावर पंखे. रस्त्यावर गाड्या लावून अन्न विकणाऱ्यांना सरकारने १९७० च्या दशकापासून अशा बांधीव जागांत हलवलं. पाणी, गटार, कचरा यांची सोय केली. आज अशी शंभराहून जास्त केंद्रं आहेत, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या खाद्यसंस्कृतीची नोंद अमूर्त वारशाच्या यादीत केली. वारसा वगैरे ठीक. कोकणी माणसाला महत्त्वाचं हे, की इथला मलाय स्वयंपाक नारळ, आंबट, मिरची आणि सुकी मासळी या चार पायांवर उभा आहे. म्हणजे आपल्याच चुलीवरचा.

मासळीची मलाय नावं पाठ केली की निम्मं काम झालं. केंबुंग म्हणजे बांगडा. तेंगिरी म्हणजे सुरमई. बावाल पुतिह पापलेट, बावाल हितम हलवा, सियाकाप जिताडा, पारांग करली, सोतोंग माकूल, केताम कुर्ली, आणि पारी म्हणजे वागळी, जिला काही ठिकाणी पाकट म्हणतात. पाटीवर ‘इकान’ दिसलं की तिथे मासा आहे. पहिल्या दिवशी सकाळी टेक्का सेंटरच्या तळमजल्यावरच्या मासळीबाजारात एक फेरी मारा. लिटल इंडिया स्टेशनातून बाहेर पडलं की लगेच आहे. बर्फावर मांडलेले मासे बघून नावं डोक्यात पक्की बसतात. हे बाजार दुपारपर्यंत आटोपतात आणि सोमवारी बरेच मासळीवाले बंद असतात. सोमवारी मासे नाहीत, हे आपल्याला काही नवं नाही.

पहिलं जेवण घ्यावं ते नासी पादांगच्या गाळ्यावर, आणि त्यासाठी गेलांग सेराई मार्केट उत्तम. पाया लेबार स्टेशनपासून दहा-बारा मिनिटं चालत. खाली बाजार, वरच्या मजल्यावर जेवणाचे गाळे. काचेमागे पंधरा-वीस तयार पदार्थांच्या पराती मांडलेल्या असतात. भात घ्यायचा आणि बोट दाखवायचं. भाषेची अडचणच येत नाही. इथे ‘आसाम पदास’ असेल तर दुसरीकडे बघू नका. आसाम म्हणजे आंबट, पदास म्हणजे तिखट. चहाच्या आसामशी संबंध नाही. नारळ नसलेला, लाल, पातळसर रस्सा, त्यात तेंगिरी किंवा पारीचा तुकडा आणि अख्खी भेंडी. आंबटपणा चिंचेचा किंवा ‘आसाम केपिंग’चा. या वाळवलेल्या तपकिरी चकत्या ज्या फळाच्या असतात ते फळ आणि आपलं कोकम, दोन्ही गार्सिनिया या एकाच वंशातली. म्हणून पहिला घास घेताच सार किंवा तिखल्याची आठवण होते. फरक दोन: तिरफळाचा झणका नाही, आणि मागून एक खोल, खारट, किंचित कुजका वास येतो.

तो वास बलाचानचा. ज्या जवळ्याची आपण सुकट करतो त्याच्याच जातभाईंची बलाचान होते. आपण जवळा उन्हात खडखडीत वाळवतो आणि गोष्ट तिथेच संपते. तिकडे त्यात मीठ घालून आंबवतात, कुटतात, पुन्हा उन्हात घालतात, आणि शेवटी साबणाच्या वडीसारखी वडी पाडतात. कच्ची वडी नाकाला सहन होत नाही. भाजली की वास बदलतो आणि रश्श्याला जे अंग येतं ते नुसत्या मिठाने येणार नाही. घरात सुकट भाजली जाते त्यांना हा वास जड जात नाही. जेवणाऱ्यांत कुणाला कोळंबीची अॅलर्जी असेल तर मात्र सावध राहा, कारण बलाचान सांबालमध्ये (मिरचीच्या वाटणात) असते, भाजीत असते, कधी तळलेल्या भातातही असते, आणि पाटीवर तिचं नाव नसतं.

नासी पादांगमध्ये एक फसगत ठरलेली. भाव पदार्थागणिक लागतो आणि मासा भाजीपेक्षा बराच महाग असतो. भात, एक भाजी, एक चिकन असं ताट साधारण पाच ते सात सिंगापूर डॉलरला बसतं. माशाचा मोठा तुकडा किंवा मोठी कोळंबी घेतली की दहाच्या पुढे जातं. आधी बोट दाखवून किंमत विचारा, मग वाढायला सांगा. विचारण्यात कमीपणा नाही, तिथलेही विचारतात. ‘कुआह’ म्हटलं की भातावर रस्सा घालतात. तो बेताने मागा, नाहीतर तीन रस्से एकमेकांत मिसळून आसाम पदासची चव हरवते.

वागळीसाठी वेळ संध्याकाळची. सांबाल पारीचे गाळे बहुधा पाचनंतर पेटतात. ईस्ट कोस्ट लगून फूड व्हिलेज हे केंद्र थेट समुद्रकाठी आहे; रात्री टॅक्सीने गेलेलं सोयीचं. वागळीचा पंख केळीच्या पानावर ठेवतात, वर सांबालचा जाड थर देतात आणि तापलेल्या पत्र्यावर भाजतात. पान करपतं, मासा करपत नाही. सोबत चिरलेला कांदा, छोटं हिरवं लिंबू, आणि कधी ‘चिंचालोक’, म्हणजे आंबवलेला ओला जवळा. आकारानुसार बारा ते वीस डॉलर, दोघांना भातासोबत एक पुरतो. खायची रीत अशी: मधे कूर्चेची चाळणी असते, तिच्यावरचं मांस काट्याने रेषेरेषेने सोडवायचं, मग मासा उलटून खालचा पातळ थर. काटा नाही, त्यामुळे लहान मुलांना चालतो, फक्त सांबाल बाजूला काढावा लागतो.

वागळीत बिघडतं काय, तेही मोरी खाणाऱ्यांना ठाऊक आहे. कूर्चेच्या माशांच्या अंगात युरिया असतो. मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. सांबाल आणि लिंबू हा वास झाकतात. म्हणून ताट आलं की आधी जाड भागाजवळ नाक न्या, मग लिंबू पिळा. नाकात झोंबलं तर मासा परत करा. लिंबू पिळून अर्धा खाल्ल्यावर तक्रार केली तर कुणी ऐकणार नाही.

करलीचं काय करतात, ते बघण्यासारखं आहे. आपल्याकडे करली म्हटलं की काटे. चव कितीही चांगली असली तरी पाहुण्यांच्या पानात कुणी वाढत नाही. तिथे चिनी लोक करलीचं मांस चमच्याने खरवडून काढतात, काटे कातडीला राहतात. मग मीठ-पाणी घालून हाताने आपटत मळतात. मिठामुळे मांसातली प्रथिनं चिकट होऊन एकमेकांना धरतात आणि गोळा चेंडूसारखा उसळतो. हे फिशबॉल. चांगला फिशबॉल दाताखाली लवचिक लागतो आणि माशाची गोडी देतो. पिठूळ, रबरी लागला तर तो कारखान्यातला, मैदा-स्टार्च जास्त असलेला. गाळ्यावर ‘हाताने केलेले’ अशी पाटी असेल आणि गोळे एकसारखे गोल नसतील तिथे घ्या. रस्सा पांढरा, सौम्य, आपल्या हिशोबाने जवळजवळ फिका. टेबलावरच्या सोया सॉसमध्ये चिरलेल्या बारीक मिरच्या असतात, त्या घाला. दोनच. त्या मिरच्या दिसतात त्याहून फार तिखट आहेत.

लाक्सा मागताना गोंधळ होतो. सिंगापुरात नुसतं लाक्सा म्हटलं तर नारळाच्या दुधातला, सोड्यासारख्या सुक्या कोळंबीचा घट्ट रस्सा, तांदळाच्या जाड शेवया, तळलेलं टोफू आणि अर्धवट शिजलेल्या शिंपल्या येतात. कातोंग पद्धतीत शेवया कापून बारीक केलेल्या असतात, नुसत्या चमच्याने खाता येतात. चव छान, पण अर्धा वाडगा झाल्यावर जड वाटू लागते, कारण नारळाला तोडणारं आंबट त्यात नसतं. या शिंपल्या तिसऱ्यांसारख्या पूर्ण उघडेपर्यंत शिजवत नाहीत, आतून लालसर राहतात; नवख्या पोटाला त्या न घातलेल्या बऱ्या. मागताना ‘नो हम’ म्हटलं की काढतात. बांगडा हवा असेल तर ‘पेनांग लाक्सा’ किंवा ‘आसाम लाक्सा’ शोधायचा. तो मूळचा मलेशियातल्या पेनांगचा. सिंगापुरात गाळे कमी, पण आहेत. बांगडे उकडून, काटे काढून, मांस कुस्करून चिंच-आसाम केपिंगच्या पाण्यात उकळतात. वर काकडी, अननस, पुदिना, आणि चमचाभर काळी गोडूस कोळंबीची पेस्ट. ही पेस्ट चमच्यावर वेगळी मागा आणि चवीपुरती ढवळा. सगळी एकदम घातली की बांगडा गोड लागतो, आणि गोड बांगडा आपल्या जिभेला पटायचा नाही.

साखर ही इथली मोठी तक्रार. सांबालात साखर, साटेच्या (काडीवर भाजलेल्या मांसाच्या) शेंगदाणा रश्श्यात साखर, टोमॅटो-अंड्याच्या चिली क्रॅबमध्ये तर उघड गोडवा. नावात ‘चिली’ असलेला हा खेकडा बहुतेक कोकणी लोकांना निराश करतो. कुर्ली तीच, खाडीतल्या चिखलातली, बरीचशी श्रीलंकेहून येणारी. पण किलोवर भाव, आणि त्या पैशात मालवणात घरादाराला कुर्ल्यांचं कालवण होईल. खायचाच तर काळ्या मिरीतला खा.

दुसरी तक्रार ताजेपणाची. सिंगापूर आपलं नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून आणतं. हर्णैच्या लिलावातून उचललेल्या माशाची अपेक्षा तिथे ठेवू नये. म्हणून साधा तळलेला मासा मागवण्यात अर्थ नाही. तव्यावर शिळेपणा लपत नाही. रश्श्यातला, भाजलेला, वाटलेला मासा घ्यावा, त्यातच तिथल्या हाताचं कसब दिसतं.

चिकन राईसबद्दल बराच गाजावाजा आहे आणि मॅक्सवेल फूड सेंटरबाहेर रांगाही लागतात. कोंबडी न उकळणाऱ्या गरम पाण्यात शिजवून बर्फाच्या पाण्यात बुडवतात, त्यामुळे कातडी मऊ, थलथलीत. भात कोंबडीच्या चरबीत आणि अळणात शिजवलेला. भात अप्रतिम आहे. कोंबडी वडे-सागोतीवर वाढलेल्यांना फिकी वाटेल, हाडाजवळ गुलाबी दिसेल (ती कच्ची नसते). ‘रोस्टेड’ मागितली तर रंग आणि चव दोन्ही जवळची वाटतात. चार ते सहा डॉलर.

माला नावाचा एक चिनी प्रकार हल्ली प्रत्येक केंद्रात दिसतो: भाज्या, मासे, मांस वजनावर निवडायचं, ते तिखट तेलात परतून देतात. जीभ बधिर करणारा जो मसाला त्यात असतो तो तिरफळाचाच चुलतभाऊ. आपण तिरफळ ठेचून रश्श्यात सोडतो आणि जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो; ते लोक कुटून पोटात घालतात. ‘कमी तिखट’ सांगूनच सुरुवात करा.

आता कामाच्या गोष्टी. बसायची जागा आधी धरायची, मग खाणं आणायचं; टेबलावर टिशूचं पाकीट पडलेलं असेल तर ते टेबल कुणाचं तरी आहे. टिशू फुकट मिळत नाहीत, जवळ बाळगा. पाणीही कुणी आणून ठेवत नाही. नळाचं पाणी पिण्यालायक असतं, बाटली भरून न्या. बारा ते दीड ऑफिसवाल्यांची झुंबड, तेव्हा अकरा-साडेअकराला जेवून घ्या. नावाजलेले गाळे दुपारी दोनपर्यंत संपतातही. जेवण झाल्यावर ताट स्वतः रॅकवर नेऊन ठेवायचं, सप्टेंबर २०२१ पासून हे सक्तीचं आहे, न ठेवल्यास दंडापर्यंत जातं. हलाल ताटांचे रॅक वेगळे असतात, तिथे डुकराच्या मांसाचं ताट ठेवू नये. दर तिमाहीला सफाईसाठी केंद्र काही दिवस बंद ठेवतात, लांब जायचं तर आधी तपासा. सुट्टे पैसे ठेवा. पाच-दहाच्या नोटा प्रत्येक गाळ्यावर चालतात, कार्ड सगळीकडे नाही. आणि समुद्री खाद्याच्या गाळ्यावर फलकावरचा भाव बहुतेकदा शंभर ग्रॅमचा असतो. आठ डॉलर लिहिलेला मासा सहाशे ग्रॅमचा निघाला की अठ्ठेचाळीस डॉलर झाले. वजन करून पूर्ण रक्कम विचारा, मगच शिजवायला सांगा. फलकावर भाव नसेल, ‘सीझनल’ लिहिलं असेल, तर विशेषच.

शाकाहाऱ्यांचं अवघड आहे, श्रावणात जाणाऱ्यांचंही. नाळीची भाजी हिरवीगार दिसते, पण ‘कांगकोंग बलाचान’ म्हणजे ती जवळ्यातच परतलेली. नारळातली मिश्रभाजी, सायुर लोदेह, तिच्यात सुकी कोळंबी असते. तळलेल्या शेवयांत डुकराची चरबी असू शकते. खात्रीचे दोनच पर्याय: टेक्कातले दक्षिण भारतीय शाकाहारी गाळे, आणि पाटीवर ‘व्हेजिटेरियन’ लिहिलेले चिनी बौद्धांचे गाळे, जिथे बहुधा कांदा-लसूणही नसतो.

गोडाकडे वळलं की मात्र तक्रारीला जागा उरत नाही. पुतु मायम म्हणजे आपले शिरवाळेच. फरक इतकाच की नारळाच्या रसाऐवजी सोबत खवलेला ओला नारळ आणि साखर किंवा गूळ देतात. सकाळी मिळतात, उन्हं चढली की सुकून चिवट होतात. ‘कुएह दादार’ या हिरव्या गुंडाळीतलं सारण पातोळ्यांचं. ओन्देह-ओन्देह हे चिकट तांदळाचे खोबऱ्यात घोळवलेले छोटे लाडू, आत माडाचा पातळ गूळ. अख्खा तोंडात टाकायचा, अर्धा चावला तर गूळ शर्टावर. हिरवा रंग आणि वास केवड्याच्या वंशातल्या पानाचा.

सोलकढी मिळत नाही, तिची जागा कशानेच भरत नाही. लिंबाचं सरबत घ्या. चहा-कॉफीत न सांगता कंडेन्स्ड मिल्क पडतं: नुसतं ‘कोपी’ म्हणजे तेच. ‘कोपी-ओ’ काळी पण साखरेची, ‘कोपी-सी’ बिनगोड आटीव दुधाची (इव्हॅपोरेटेड मिल्क) आणि साखरेची, ‘सिउ दाई’ जोडलं की साखर कमी, ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही. चहासाठी ‘ते-सी सिउ दाई’ मागा, आपल्या चहाच्या सगळ्यात जवळ तोच येतो.

परत येताना बलाचानची एक वडी आणि आसाम केपिंगचं पाकीट आणा. वडी दोन पिशव्यांत घट्ट बांधून सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. घरी आसाम पदास करायला बाकी सगळं कोकणात आहे. मध्यम चार बांगडे. वाटणाला भिजवलेल्या आठ-दहा सुक्या मिरच्या (सहा बेडगी, बाकी तिखट), सहा छोटे कांदे, चार लसूण पाकळ्या, इंचभर आलं, तेवढीच ओली हळद, आणि तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजलेली चमचाभर बलाचान. परसातल्या गवती चहाची पात आपण चहात टाकतो. इथे बुंध्याजवळचा पांढरा दांडा लागतो, दोन दांडे ठेचून घ्या. चार मोठे चमचे तेलात वाटण मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परता, दहा-बारा मिनिटं लागतात. घाई केली की रश्श्याला कच्च्या मिरचीचा वास राहतो, आणि तो नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. तीन कप पाणी, तीन-चार चकत्या आसाम केपिंग. त्या नसतील तर सहा आमसुलं, फक्त रंग काळपट होईल. दहा मिनिटं उकळा, भेंडी टाका, शेवटी बांगडे, सात-आठ मिनिटं. डाव घालू नका, टोप हलवा. मीठ अगदी शेवटी चाखून, कारण बलाचान आणि आमसुलं दोन्ही खारट असतात. बलाचान नसली तर भाजून पूड केलेली सुकट मोठा चमचाभर चालते. आंबवलेला खोलपणा येत नाही, रस्सा तरी चांगला होतो. आच बंद केली की आमसुलं काढून टाका. तशीच राहिली तर रात्रीत रस्सा इतका आंबट होतो की सकाळी घावण्यांसोबत खाता येत नाही.